पांढऱ्या तारेवरचा डाग

नाशिक,
१० नोव्हेंबर २०२४

चि. तृप्ती हिस,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. मोबाइलवर एक ओळ लिहायला मला एक कप चहा लागतो. शिवाय मोठा मोबाइल घरात एकच, आणि तो तुझ्या चांगुणाकाकूच्या ताब्यात. म्हणून विहाराच्या वाचनालयात बसून लिहितो आहे. उत्तरही वाचनालयाच्या पत्त्यावर पाठव. तिथला वाल्मीक पत्र माझ्या हातातच देतो, इकडेतिकडे करत नाही.

गळ्यातल्या भोकाची आता सवय झाली. श्वास तिथून, खोकला तिथून, मफलर लावायची सोय नाही. एप्रिलात कॅन्सरपायी आवाजाची पेटी काढली तेव्हा मला वाटलं होतं, देवळाली कॅम्पाच्या मेसमध्ये तीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून ओरडून काढलेला माणूस गप्प कसा बसणार? पण पाटी कामाला आली. तुझी काकू काहीतरी बोलते, मी पाटीवर उत्तर लिहितो, लिहून होईस्तोवर तिचा विषय बदललेला असतो. चाळीस वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदाच जिंकते आहे.

गंमत म्हणून लिहिलं, पण खरं म्हणजे ती हल्ली भांडतच नाही, आणि मला त्याचीच काळजी वाटते. दर तपासणीला ती डॉक्टरांना एकच विचारते, की आधी कळलं असतं तर काय झालं असतं. डॉक्टरही भला माणूस, खरं तेच सांगतो. सात-आठ महिने आधी आले असते तर बहुधा नुसत्या शेकावर, म्हणजे रेडिएशनवर, भागलं असतं, आवाज वाचला असता, म्हणतो. मग रिक्षात बसल्यापासून घरापर्यंत चांगुणा बाहेर बघत राहते. महिला मंडळात जाणं तिने सोडलंय. परवा नवसाबाई बोलवायला आली तर डोकं दुखतंय म्हणाली. मला म्हणते, एका घरात राहून मला दिसलं नाही, मी बायको होते का भिंत?

आता दुसरं. ऑपरेशनच्या आठवड्यात तिने माझे तंबाखूचे चारही पाइप पिशवीत भरून तुझ्याकडे दिले, आणि पेठच्या घाटात फेकून दे म्हणाली. तू फेकलेस का? ओढायचे नाहीत ग. ओढता येणारही नाहीत. माझ्या तोंडाचा आणि छातीचा आता संबंधच उरलेला नाही. पण त्यातला सरळ दांडीचा कर्नलसाहेबांनी बदलीवर जाताना दिलेला आहे. आमचे आबा त्याच कॅम्पात बागकाम करायचे. साहेब येताना दिसला की पेटती विडी मुठीत विझवायचे, तळहाताला फोड यायचे. त्याच आवारात मी खुर्चीवर बसून साहेबासमोर पाइप ओढला. तो फेकला असशील तर मला कळवू नकोस. नसशील तर साफ करून ठेव. पाणी लावायचं नाही, हे तुला सांगायला नकोच.

थंडीत अंगावर घेत जा. पेठची हवा नाशिकची नव्हे. माया आहेच, ती पत्राने वाढव.

तुझा,
भिकनकाका

*

पेठ,
१९ नोव्हेंबर २०२४

आदरणीय काका,
स. ज. वि. वि.

तुमचं पत्र शाळेत आलं तेव्हा सगळ्या शिक्षकांनी हातात घेऊन पाहिलं. पाकिटात खाजगी पत्र येतं हे इथल्या मुलांना माहीतच नाही. पाचवीतली एक मुलगी विचारत होती की बाई, तुमची बदली झाली का.

पाइप फेकलेले नाहीत. काकूला मी फेकले म्हणून सांगितलं, ती थाप होती. चारही माझ्या खोलीत पत्र्याच्या पेटीत गोधडीखाली आहेत. रविवारी बाहेर काढले आणि तुमच्या शिस्तीने साफ केले. तोंडीचा भाग हलके पिळून वेगळा केला, ओढला नाही. वाटीच्या आतली काजळी चाकूच्या बोथट बाजूने खरवडली, पण रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढा थर तसाच ठेवला, लाकूड जळू नये म्हणून. आता कोण जाळणार आहे ते लाकूड, हे नंतर लक्षात आलं. साफसफाईची केसाळ तार स्पिरिटमध्ये बुडवून दांडीतून फिरवली. सहा तारा लागल्या, सातवी स्वच्छ आली. खोलीभर तुमचा वास झाला आणि मी दार लावून रडले.

काका, हसतखेळत लिहून मला टाळू नका. काकू डॉक्टरांना जे विचारते त्याचं उत्तर तुमच्याकडे आहे आणि माझ्याकडे आहे. ते लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये, दुसऱ्या शनिवारी मी घरी आले होते. शाळेच्या हस्तकलेच्या डब्यातल्या केसाळ तारा बरोबर आणल्या होत्या, मुलं त्यांचे कोळी आणि फुलं करतात त्याच. तुमच्या त्या वाकड्या पाइपाच्या तोंडीतून तार बाहेर काढली तर टोक लालसर. तुम्ही म्हणालात, रंग सुटला, लाल तार कशाला घेतलीस. मी घेतली होती पिवळी. मला ते दिसत होतं, तरी मी हो म्हटलं. पुढच्या खेपेला नाशिकच्या द्वारका चौकातल्या दुकानातून मुद्दाम पांढऱ्या तारा घेतल्या. पांढरीलाही तोच डाग. मग तुम्ही म्हणालात, हिरड्या आहेत, म्हातारपणी सुजतात, काकूला सांगू नकोस, ती दवाखान्याचा धोशा लावेल. मी सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, यावरून मी गेले सात महिने मनात कुढत बसले आहे. सातवीत तुमच्याकडे शिकायला आले तेव्हापासून पाइप साफ करायचं काम माझं. काकू तारा लपवायची. पाइप तुंबला की ओढ लागत नाही, धूर कडू येतो, मग माणूस आपोआप कमी ओढतो, हा तिचा हिशोब. आणि मी खराट्याच्या काडीला कापूस गुंडाळून तुम्हाला पाइप मोकळा करून द्यायचे. तुम्ही माझं कौतुक करायचात. आपला दोघांचा एक पक्ष होता आणि काकू विरोधी पक्षात. काकूच्या हातात पाइपांविरुद्ध आणखी एक कारण जाऊ नये, एवढ्यासाठी मी गप्प बसले. तुमच्या गळ्याचा विचारच केला नाही मी.

मला काकूला सांगायचं आहे. तुम्ही हो म्हणा.

आशीर्वादाचा हात होता तसाच राहू द्या.

तुमची,
तृप्ती

*

नाशिक,
८ डिसेंबर २०२४

चि. तृप्ती हिस,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. रोज वाचनालयात लिहायला बसायचो आणि वर्तमानपत्र वाचून घरी जायचो. परवा सहा डिसेंबरला विहारात गेलो. दरवर्षी त्रिशरण-पंचशील मी सांगायचो, मागून सगळे म्हणायचे. यंदा माझ्या जागी विहारातल्या समाधानने सांगितलं, मी नुसते ओठ हलवले. तुला आठवत असेल, पाचवं शील आलं की काकू माझ्याकडे डोळे वटारायची आणि मी तिला घरी येऊन समजवायचो की त्यात दारू आहे, तंबाखू कुठे आहे? पाचव्यातून मी सुटत आलो. पण चौथं शील खोटं न बोलण्याचं. परवा ते आलं आणि माझे ओठ थांबले.

तर ऐक. तुला वाटतं त्यापेक्षा माझा गुन्हा मोठा आहे. सप्टेंबरात मी आरशासमोर तोंडात बॅटरी मारून पाहिलं होतं. हिरड्या ठणठणीत होत्या. रक्त खालून येत होतं हे मला कळलं. आवाज घोगरा झाला होता तोही मी थंडीवर ढकलला. डॉक्टरची भीती होतीच. त्याहून जास्त, चांगुणा म्हणेल मी सांगत होते ना, याची भीती होती. पासष्टी ओलांडलेला माणूस बायकोच्या एका वाक्याला घाबरला, लिहायलाही लाज वाटते.

आणि तुझ्याशी मी काय केलं ते सांगतो. ऑक्टोबरनंतर तू यायचीस त्याच्या आदल्या दिवशी मी तोंडीचा भाग स्वतः धुवून, पुसून ठेवायचो. तुझी पांढरी तार पांढरी यावी म्हणून. नोव्हेंबरात तू म्हणालीस, बघा काका, थांबलं ना, आणि तुझा चेहरा केवढा मोकळा झाला. मी बरं झालं म्हटलं. त्या रात्रीपासून आजपर्यंत मला तो चेहरा दिसतो. तेव्हा तू मनात कुढत बसू नकोस. तू पाहिलंस, विचारलंस, दोनदा विचारलंस. मी तुला फसवलं.

एवढं सांगूनही माझं उत्तर नाही असंच आहे. चांगुणाला सांगायचं नाही. मी नवरा आहे, मला ती चार शिव्या देईल आणि भाकरीही देईल. तुझं तसं नाही. तुला तिने पोटच्या मुलीसारखं वाढवलं. पोटचा पोरगा संघर्ष तिकडे चाकणला, तो रविवारी मोबाइलवर तोंड दाखवतो. तिचं खरं माणूस तू आहेस. तू माझ्या बाजूने गप्प बसलीस हे तिला कळलं तर ती तुला परत जवळ करेल का, मला माहीत नाही. आवाज गेला तो गेला. आता त्यापायी तू जाऊ नयेस. हवं तर मी मरताना पाटीवर लिहून जाईन.

पाइप साफ केलेस, बरं वाटलं. काकांवर रागावलीस तरी पत्र तोडू नकोस.

तुझा,
भिकनकाका

*

पेठ,
१६ डिसेंबर २०२४

आदरणीय काका,
स. ज. वि. वि.

तुम्ही तोंडी धुवून ठेवायचात हे वाचलं तेव्हा आधी मला भयंकर राग आला. वर्गावर गेले आणि विनाकारण मुलांवर ओरडले. मग दुपारी हळूहळू बरं वाटायला लागलं, की चला, माझ्यावरचं ओझं काकांनी काढून घेतलं. आणि ते बरं वाटणं मला सगळ्यात वाईट वाटलं. कारण त्या वेळी काकूचा विचार तुमच्याही पत्रात नव्हता आणि माझ्याही डोक्यात नव्हता. आपण दोघं परत एकमेकांना सावरत बसलो आणि ती परत बाहेर.

काल रविवारी मी नाशिकला आले होते, घरी आले नाही. तुमच्यासमोर मला ते जमलं नसतं. काकूला द्वारकेला बोलावून घेतलं. तुमच्या गळ्यावरचं कापड आणि पट्ट्या तिला तिथल्याच दुकानातून घ्यायच्या होत्या. खरेदी झाल्यावर आम्ही रसाच्या गाड्यावर बसलो. तिने रस घेतला नाही, माझ्यासाठी सांगितला. बारीक झाली आहे ती, बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. म्हणाली, मंडळातल्या बाया तोंडावर काही बोलत नाहीत, पण त्यांच्या मनात येत असेलच की घरातल्या बाईला कसं कळलं नाही. मी म्हटलं, असं कुणी म्हणत नाही. तर म्हणाली, दुसऱ्याने कशाला म्हणायला हवं, मीच म्हणते. रोज सकाळी उठून त्यांच्या गळ्याकडे बघते आणि स्वतःला विचारते, की उशीला नाक लावलं तरी मला तंबाखूचा वास यायचा, मग रक्ताचा कसा आला नाही.

मग ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहिते. म्हणाली, "तू घरात असतीस ना, तर तुझ्या लक्षात आलं असतं. तुझी नजर बारीक आहे."

काका, तो रस मी तसाच ठेवला. मी तिथेच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि बस येईल म्हणून उठले. आत्तापर्यंत काय काय केलं त्यात ही आणखी एक भर.

तेव्हा तुमचं नाही मी ऐकणार नाही. तुम्ही म्हणता मी काकूला गमावेन. गमावेन कदाचित. पण तिला असं रोज स्वतःला खायला लावून मी तिची लाडकी होऊन राहू शकत नाही. तिला आजच वेगळं पत्र लिहिते आहे, पण ते चार दिवसांनी घरच्या पत्त्यावर टाकेन. तुमची तोंडी धुवायची गोष्ट मी त्यात लिहिणार नाही, ते तुमचं तुम्ही सांगा. तेवढे दिवस हातात आहेत, तिला आधी सांगता आलं तर सांगा.

तुमच्यावर राग आहे. तरी तुमचीच आहे.

तृप्ती

*

पेठ,
१६ डिसेंबर २०२४

प्रिय काकू,
सविनय जयभीम.

काल रसाच्या गाड्यावर सांगायचं होतं ते लिहिते आहे. समोर बसून सांगायची हिंमत झाली नाही.

माझ्या लक्षात आलं होतं काकू. घरात नसूनही आलं होतं. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये आणि परत सप्टेंबरमध्ये काकांचा पाइप साफ करताना तारेला रक्त लागलं होतं. काकांनी हिरड्यांचं सांगितलं आणि तुला बोलू नकोस म्हणाले. मी बोलले नाही. तेव्हा बोलले असते तर डॉक्टर म्हणतात त्या सात-आठ महिन्यांच्या आत आपण दवाखान्यात असतो. काकांचा आवाज असता.

काकांनी मला थांबवलं ही सबब मी देणार नाही. मी तीस वर्षांची होते, मास्तरीण होते. मुलांच्या नखातली माती मला दिसते आणि पालकांना बोलवून सांगते. तुला सांगितलं नाही, कारण तू पाइपांवर चिडायचीस आणि मला काकांची लाडकी राहायचं होतं. एवढंच कारण आहे. याहून चांगलं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

पाइप मी घाटात फेकले नाहीत, तेही खोटं होतं. माझ्याकडे आहेत.

तुला दिसलं नाही कारण आम्ही तुला दिसू दिलं नाही. डॉक्टरांना यापुढे तो प्रश्न विचारू नकोस. मला विचार.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही.

तृप्ती

*

नाशिक,
२९ डिसेंबर २०२४

चि. तृप्तीस,
चांगुणाकाकूचा जयभीम.

मला पत्र लिहायची सवय नाही. सातवीनंतर आज लिहिते आहे, अक्षराला हसू नको. फोन केला असता पण फोनवर मी नुसती ओरडले असते आणि तू नुसती रडली असतीस.

तुझं पत्र मागच्या आठवड्यात आलं. मी मेथी निवडत होते. आधी वाटलं कुणाच्या लग्नाची पत्रिका. तीनदा वाचलं. मग तुझ्या काकांच्या पुढ्यात नेऊन ठेवलं. ते वाचायला लागले आणि अर्ध्यातच खडू शोधायला लागले. चार दिवस आधी कळलं होतं म्हणे त्यांना, तू लिहिणार आहेस ते. चार दिवस पाटी मांडीवर घेऊन बसले होते आणि मी विचारत होते की चहा करू का. मी पाटी उचलून फळीवर ठेवली. म्हटलं, आधी माझं होऊ द्या. जेवण उरकल्यापासून चारच्या चहापर्यंत मी बोलत होते. काय काय बोलले ते मला सगळं आठवत नाही, पण नवसाबाईने शेजारी टीव्ही बंद केला एवढं कळलं. मग पाटी दिली. त्यांनी लिहिलं की ते पाइपचं तोंड धुवून ठेवायचे, तुलाही फसवत होते, तुझा दोष नाही. लय वेळ लावून लिहिलं. मी वाचलं आणि पुसलं. म्हटलं, तिचा दोष तिच्यापाशी राहू द्या, तुमचा तुमच्यापाशी. तिचा वाटा तुम्ही उचलायला जाऊ नका, तीच सवय नडली तुम्हा दोघांना.

तृप्ती, तुला वाटत असेल काकू म्हणेल, जाऊ दे पोरी, झालं ते झालं. मी नाय म्हणणार. मला तुझा राग आला आहे. त्यांचाही आला आहे, पण त्यांच्यावर रागवायची मला सवय आहे. तुझी नाही. तुम्ही दोघं एका बाजूला आणि मी एकटी एका बाजूला, हे मला तारा लपवायच्या दिवसापासून माहीत होतं. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. मी म्हणायचे, बापाविना पोर आली आहे, लागू दे तिला काकांचा लळा. पण मी ज्या गळ्यासाठी भांडत होते तो काय माझा होता का? मला तुम्ही दोघं वैरीण समजलात, ते मला लागलं.

पाइप फेकू नको. ते आबांचं सांगतात तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवत नाही. पण माझ्या घरात आणू नको.

दुसऱ्या शनिवारी येतेस तशी ये. यायचं चुकवलंस तर मात्र मी खरंच बोलणार नाही. आलीस तरी फार बोलेन असं नाही. वाढेन, तू जेव. काकांच्या गळ्याची नळी धुवायला मी एकटीच आहे, तीही तू शिकून घे. त्यात काय आलं, काय रंगाचं आलं, ते मला सांगायचं. त्यांना नाही, मला.

आणि एक लिहायचं राहिलं. त्या दिवशी चहा झाल्यावर मी जरा आडवी झाले ती दिवेलागणीला उठले. नऊ महिन्यांत मी दिवसा डोळा मिटला नव्हता, रात्रीही धड नाही. उठले तर तुझ्या काकांनी भात लावला होता, खालून करपलेला. मी पाटावर बसले आणि मला एकदम मोठ्याने रडू आलं. ते घाबरले, पाटीवर लिहायला लागले की दुसरा लावतो. त्यांना वाटलं भातासाठी रडते आहे. मी आंधळी नव्हते तृप्ती. नऊ महिने मी स्वतःला आंधळी म्हणत होते, आणि मी आंधळी नव्हते.

राग आहे तोवर राहू दे. माया गेलेली नाही.

तुझी,
काकू